पचक्याची खुर्ची

आईवडिलांनी हवालदाराला चांगलं चार अक्षरी नाव ठेवलं होतं. ते आता त्याच्या वर्दीवरच्या पट्टीवर तेवढं उरलं होतं. बाकी सगळं जग त्याला किल्ली म्हणायचं. तो बाजारातून निघाला की पोरं खिशातल्या किल्ल्या खुळखुळवायची, भाजीवाली विचारायची, "सापडली का हो किल्ली?", आणि तो कपाळाला आठ्या घालून पुढे जायचा. पण एखाद्या दिवशी कुणी काही खुळखुळवलं नाही, तर त्याला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मग तो काहीतरी राहिल्याचं निमित्त काढून बाजारातून आणखी एक फेरी मारायचा.

ही सगळी त्या सिनेमाची कृपा. 'दोन शिपाई, चार चुका' या सिनेमाची.

किल्लीच्या चौकीत एक जुनी रीत होती. तिथे एक खुर्ची होती, एका पायाने आखूड. दिवसभरात ज्याचा पचका झाला असेल, त्याने संध्याकाळच्या चहाला त्या खुर्चीत बसायचं आणि आपल्या तोंडाने आपला पचका सांगायचा. खुर्ची डुगडुगायची, चहा बशीत सांडायचा, ऐकणारे पोट धरून हसायचे आणि विषय तिथे मिटायचा. खुर्चीत बसून सांगितलेली गोष्ट दाराबाहेर न्यायची नाही. न्यायची झाली तर ज्याची गोष्ट, त्यानेच न्यायची. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण खुद्द मोठे साहेबसुद्धा तो पाळायचे, आणि वेळ आली तेव्हा त्या खुर्चीत बसायचेही.

किल्लीचा पचका असा. कोठडीतल्या एका भुरट्या चोराला चादरीची घडी नीट घालता येत नव्हती. किल्ली हाडाचा शिस्तीचा. तो घडी कशी घालतात हे दाखवायला आत शिरला. आत जागा कमी, म्हणून चोर अदबीने बाहेर जाऊन उभा राहिला. वाऱ्याने दार लोटलं गेलं, कुलूप आपसूक लागलं, आणि साहेब आत, चोर बाहेर. चोर बिचारा सरळ माणूस. त्याने सगळे खण उपसून किल्ली शोधली, सापडली नाही म्हणून कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याला बोलावून आणलं, आणि कुलूप उघडेपर्यंत हवालदाराशी गजाआडून गप्पा मारत बसला. किल्ली हवालदाराच्याच खिशात होती.

पुढे सिनेमाचा एक लेखक चौकीचं कामकाज बघायला म्हणून येऊन बसू लागला, तेव्हा किल्लीने आपण होऊन ही गोष्ट त्याला सांगितली. एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्यांदा तर चोर कसा उभा होता ते उठून करूनही दाखवलं. सिनेमातल्या जाड्या शिपायाचा तोच प्रसंग गाजला. लोक हसून हसून खुर्चीवरून खाली आले. सिनेमात एक बारीक शिपाईही होता, पण त्याचं काम जाड्याच्या मागे धावायचं आणि शिट्टी फुंकायची, एवढंच.

तो बारीक शिपाई खऱ्या आयुष्यातही होता. किल्लीचा जोडीदार. हाडं आणि वर्दी, मध्ये फारसं काही नाही. गळ्यात कायम शिट्टी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. म्हणून तो शिट्टी. दोघं भरतीपासून एकत्र, गस्त एकत्र, आणि पोलिसांच्या चाळीवजा इमारतीत समोरासमोरची घरं. किल्लीच्या घरचं मीठ संपलं की शिट्टीच्या घरून यायचं. शिट्टी बोलायचा कमी. किल्ली दोघांच्या वाटचं बोलायचा. ही वाटणी दोघांनाही मानवलेली होती.

तर दुसऱ्या भागाची जुळवाजुळव सुरू झाल्याची बातमी आली, आणि किल्लीने न्हाव्याकडे जाऊन मिशा कोरून घेतल्या. आता लेखक येणार, नव्या गोष्टी मागणार. किल्लीने मनातल्या मनात आपले पचके क्रमाने लावून ठेवले. कुठला आधी सांगायचा, कुठे थांबायचं, कुठे नुसत्या भुवया उंचावायच्या, सगळं ठरलं.

एका दुपारी तो घरी आला तर बायको गॅलरीत उभी.

"अहो, भाऊजींना न्यायला गाडी आली होती," ती म्हणाली. "सिनेमावाल्यांची. चांगली लांबलचक. ड्रायव्हरने दार उघडून धरलं होतं."

"कुठल्या भाऊजींना?"

"मला भाऊजी आहेत किती? समोरच्या."

किल्लीने बूट काढले. एक काढला, दुसरा काढायचा विसरला, आणि तसाच पलंगावर बसून राहिला. शिट्टीला? त्या मुखदुर्बळाला? ज्याला 'पाणी दे' म्हणायला दोन श्वास लागतात, त्याला गाडी?

"चुकून गेली असेल गाडी," तो म्हणाला. "दार समोरासमोर आहे ना."

"चुकून एकदा जाते," बायको म्हणाली. "ही दुसऱ्यांदा आली."

त्या दिवसापासून किल्लीचं अन्न गोड लागेना. गाडी येतच राहिली. आली की ती खाली एकदा हॉर्न वाजवायची, आणि तो हॉर्न किल्लीच्या कानात मळासारखा बसायचा. शिट्टीच्या बायकोने दारात नवं पायपुसणं टाकलं, तेही त्याच्या डोळ्यात खुपलं. गाडीवाल्यांचे पाय पुसायला आणलं असणार. गस्तीवर शिट्टी नेहमीसारखाच गप्प चालायचा, पण किल्लीला आता त्या गप्प राहण्यात मिजास दिसू लागली. पूर्वी हा माणूस बोलायला येत नाही म्हणून गप्प असायचा, आता बोलण्याची किंमत कळली म्हणून गप्प आहे, असं त्याचं मत झालं.

त्याला मुलीचंही कळेना. थोरली कॉलेजात जायला लागली होती. पूर्वी तो तिला मोटरसायकलवरून सोडायचा. आता ती म्हणायची, नको बाबा, मी चालत जाईन. आणि संध्याकाळी आली की समोरच्या काकूंकडे जाऊन बसायची. म्हणजे आपल्या घरातली माणसंही तिकडेच चालली, असा त्याने हिशोब मांडला.

शेवटी एकदा गस्तीवर त्याने विचारलंच.

"काय विचारतात रे तिथे?"

"असंच. इकडचं तिकडचं."

"माझं काही विचारतात का?"

"विचारतात की."

"मग?"

"मग सांगतो," शिट्टी म्हणाला, आणि चौकात एक टेम्पो उलटा वळत होता त्याच्याकडे बघून त्याने शिट्टी फुंकली.

किल्लीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे माझेच पचके विकून हा गाडीत बसतो. माझ्याच लाकडांवर याची चूल पेटली आहे. मागितले असते तर मी दिले नसते का? पण नाही. लेखकाला मूळ गवई नको, साथीदार हवा.

पुढच्या सुट्टीला तो वर्दी चढवून सिनेमावाल्यांच्या ऑफिसात गेला. सुट्टीच्या दिवशी वर्दी कशाला, असं बायकोने विचारलं, तोवर तो जिना उतरला होता. ऑफिसातल्या मुलीने त्याला बघून आधी दोन्ही हात टेबलाखाली घेतले, मग पाणी आणून दिलं. भिंतीवर पहिल्या भागाचं मोठं चित्र होतं. गजाआडचा जाडा शिपाई. किल्ली त्याच्या बरोबर खाली बसला, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला साम्य दिसावं. पण कुणी वर बघितलं नाही आणि कुणी खालीही बघितलं नाही.

लेखक आला तो घाईत. डोळ्यांखाली काळं आलेलं, केस आठवडाभर विंचरलेले नसावेत.

"अरे वा, तुम्ही. तुमच्या मित्राने तुमच्याबद्दल इतकं सांगितलंय, इतकं सांगितलंय की काही विचारू नका," तो म्हणाला आणि कसनुसं हसला. "पण त्यातून..."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो फोनवर कुणालातरी समजावत राहिला, की होईल, हसू येईल, थोडा वेळ द्या. किल्लीला पुढचं ऐकायची गरजच उरली नव्हती. इतकं सांगितलंय. हसला कसा बघा. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय, ते त्याला त्या गुबगुबीत सोफ्यावर कळलं.

लेखकाने फोन ठेवल्यावर किल्ली म्हणाला, "त्याने स्वतःचं काही सांगितलं का?"

"स्वतःचं? छे."

"नाहीच सांगणार. मी सांगतो."

आणि त्याने सांगितलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एक म्हातारा लोकांच्या दारांना किल्ली लावून बघतोय, अशी तक्रार चौकीवर आली. शिट्टी एकटाच गेला. गल्लीत पाठमोरा माणूस दिसला, अंगात कुणाचातरी ढगळ कोट, डोक्यावर टोपी, दाराशी खुडबुड चाललेली. शिट्टीने मागून जाऊन गचांडी धरली, भिंतीला टेकवला, शिट्टी फुंकली. गल्ली गोळा झाली. टोपी पडली तर तो शिट्टीचा बाप. म्हाताऱ्याला तेव्हा विसरायला होऊ लागलं होतं. त्याने दोन्ही हात वर केले आणि पोराला म्हणाला, साहेब, मारू नका. मला माझं घर सापडत नाही. माझा मुलगा वाट बघत असेल.

हा पचका शिट्टीने त्याच संध्याकाळी त्या खुर्चीत बसून सांगितला होता. बाकीचे बंदोबस्तावर गेले होते, चौकीत किल्ली एकटा होता. सांगताना शिट्टी आधी हसला होता. मग त्याचा चहा बशीत सांडला, आणि बशीतून मांडीवर, आणि त्याने तो पुसलाही नाही. बायकोला बोलू नकोस, एवढंच तो म्हणाला होता. पुढे वर्षभरात म्हातारा गेला.

लेखकाला किल्लीने हे सगळं सांगितलं. मांडीवरचा चहा तेवढा सांगितला नाही. उलट म्हाताऱ्याचे हात वर कसे गेले, ते उठून करून दाखवलं. लेखकाच्या डोळ्यांत बऱ्याच दिवसांनी तेज आलं.

"हे वापरू? त्यांची हरकत नाही ना?"

"तो आणि मी काय वेगळे आहोत?" किल्ली म्हणाला. "मी सांगतोय ना."

परतताना रस्त्यात त्याला हलकं वाटलं. घरी येईपर्यंत ते टिकलं नाही. जिन्यात शिट्टी भेटला, हातात कुकरची शिट्टी घेऊन. किल्लीच्या घरच्या कुकरची शिट्टी बिघडली होती, ती दुरुस्त करून आणली होती. किल्लीने ती घेतली आणि आभार मानण्याऐवजी तो खोकला.

सिनेमा पूर्ण झाला. 'दोन शिपाई, आठ चुका'. पहिल्या खेळाचं आमंत्रण अर्थात शिट्टीला आलं. संध्याकाळी त्याने किल्लीच्या दारावर टकटक केली आणि चार पास पुढे केले.

"तुमच्या घरचे चार, आमचे दोन. एकाच रांगेत आहेत. तुझ्याशिवाय कसा बघणार मी?"

किल्लीला ते पास घ्यावे लागले, याचाच जास्त राग आला. दान देणाऱ्याचा हात वर असतो.

थिएटरच्या दारात सिनेमातल्या जाड्या नटाने शिट्टीचा हात दोन्ही हातांत धरला आणि फोटो काढणाऱ्यांकडे वळवला. किल्ली तीन पावलांवर उभा होता, पोट आत ओढून. नटाने त्याच्याकडे बघून मान हलवली, दारावरच्या बंदोबस्ताच्या पोलिसाकडे बघून हलवावी तशी. किल्लीने ठरवलं, आपण हसायचंच नाही. काहीही झालं तरी.

पण हसू दाबायची वेळच आली नाही. पडद्यावर जाडा शिपाई आला, लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि त्याने पुरात अडकलेली एक बाई खांद्यावरून बाहेर काढली. लोक थांबले, की आता घसरेल. तो घसरला नाही. मग त्याने गच्चीच्या कठड्यावर बसलेल्या एका पोरीला गप्पा मारत मारत खाली आणलं. लोक थांबले, की आता स्वतः पडेल. तो पडला नाही. मग त्याने एका सुटलेल्या चोराला आपल्या ओळखीने कामाला लावलं. मागच्या रांगेतून कुणीतरी जांभई दिली, ती रांगेरांगेने पुढे आली. मध्येमध्ये दिग्दर्शकाने चिखल, केळीची सालं आणि पडणाऱ्या शिड्या पेरल्या होत्या, पण ते आमटी उतू गेल्यावर पाणी घालून वाढवल्यासारखं होतं.

किल्ली अंधारात दात खात होता. त्याला खात्री पटली. शिट्टीने डाव साधला. माझ्यातलं जे हसण्यासारखं, तेवढं वगळून हा असला मिळमिळीत साधूपुरुष उभा केला. उद्या बाजारात कोण किल्ल्या वाजवेल? माझी जागाच काढून घेतली या काडीपैलवानाने. पुरातली बाई, गच्चीवरची पोर, हे सगळं आपणच केलं होतं, हे त्याला आठवत होतं. पण त्यात सांगण्यासारखं काय होतं? ती तर नोकरी झाली.

आणि मग पडद्यावर ती गल्ली आली. पाठमोरा म्हातारा. ढगळ कोट.

किल्लीने खुर्चीचे हात घट्ट धरले. बारीक शिपाई पाय न वाजवता, गुडघे उंच उचलत मागून आला. पिपाणी वाजली. त्याने म्हाताऱ्याला गचांडी धरून गोल फिरवला, टोपी उडाली, शिट्टी फुंकली, खिडक्यांतून डोकी बाहेर आली. म्हाताऱ्याने दोन्ही हात वर केले. अगदी किल्लीने करून दाखवले होते तसे.

"साहेब, मारू नका. माझा मुलगा वाट बघत असेल."

पिपाणी थांबली. दिग्दर्शकाने तिथे हसण्यासाठी जागा सोडली होती. भरपूर सोडली होती. एवढ्या मोठ्या थिएटरात कुणी हसलं नाही. कुठेतरी पॉपकॉर्नची पिशवी चुरचुरली आणि तीही थांबली.

किल्लीने मान न वळवता बघितलं. शिट्टीची बायको पडद्याकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती. "हे असं झालं होतं?" तिने विचारलं. "अण्णांना तुम्ही?" शिट्टीचा हात गळ्यातल्या शिट्टीवर होता. त्याने मान हलवली, हो म्हणून. मग तो सावकाश वळला आणि बायकोच्या डोक्यावरून त्याने किल्लीकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर किल्लीने तोंड दिलं असतं. त्याने नुसतं बघितलं, आणि पुन्हा पडद्याकडे तोंड केलं. ती दोघं मध्यंतरात उठून गेली.

बाहेर लोक एकमेकांना सांगत होते, चुका दुप्पट आणि हसू निम्मं. लेखक एका खांबाला टेकून उभा होता. त्याने किल्लीला हात केला.

"तुमच्या मित्राने बुडवलं आम्हाला," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "किती विचारलं, तुमचा एक पचका सांगायला तयार नाही. दर वेळी बसायचा आणि तुम्ही किती चांगले आहात ते सांगायचा. पुराचं काय, गच्चीचं काय. मी म्हटलं, अहो, हा विनोदी सिनेमा आहे. तर म्हणाला, त्याचं हसं खूप झालं. त्याच्या मुलीला कॉलेजात कुलूप म्हणतात, पोर आमच्या घरी येऊन रडते, आणि बापाला कळू देत नाही, कारण बापाला ते नाव आवडतं. एकदा लोकांना तो खरा कसा आहे ते दिसू दे. मी येईन म्हणाला, गाडी पाठवा, पण हेच सांगेन."

किल्लीने मागे बघितलं. मुलगी आईबरोबर पायरीवर उभी होती. ती बापाकडे बघून जरा हसली. बऱ्याच महिन्यांनी. "मला आवडला, बाबा," ती म्हणाली. "तुमचं काम चांगलं होतं."

किल्लीला आजवर शिट्टीच्या गाडीचा हेवा वाटला होता, पायपुसण्याचा वाटला होता, त्या हात धरून काढलेल्या फोटोचा वाटला होता. आता, थिएटरच्या पायरीवर, त्याला त्या माणसाचा इतका हेवा वाटला की तो खालीच बसला. आपल्याला असं का सुचलं नाही. आपण त्याच सोफ्यावर बसलो होतो.

त्या संध्याकाळी समोरचं दार बंद राहिलं. आतून वहिनींचा आवाज एकदा मोठा झाला, मग तोही नाही. किल्ली दोनदा गॅलरीत जाऊन परत आला.

दुसऱ्या दिवशी त्याने मनाशी ठरवलं. चौकीची रीत आहे ना? मग चहाला सगळ्यांसमोर त्या खुर्चीत बसायचं आणि आपल्या तोंडाने सांगायचं. काय केलं, का केलं, जळत होतो म्हणून केलं, सगळं. हसले तर हसू देत. शिव्या दिल्या तर आणखी बरं. दिवसभर तो वाक्यं जुळवत राहिला, आणि पहिल्यांदाच कुठे थांबायचं आणि भुवया कुठे उंचावायच्या, हे त्याने ठरवलं नाही.

चहाच्या वेळी तो आत आला. साहेब टेबलापाशी होते, दोन शिपाई बाकावर, नवी हवालदारीण खिडकीत. सिनेमातली ती गल्ली सगळ्यांच्याच कानावर आली होती. चांगल्या खुर्च्या तीन रिकाम्या होत्या.

आखूड पायाच्या खुर्चीत शिट्टी बसला होता. हातात कपबशी. गळ्यात शिट्टी नव्हती.

"ऊठ," किल्ली म्हणाला. "आज मी बसणार आहे तिथे."

शिट्टी उठला नाही. त्याने कप बशीत नीट ठेवला, खुर्ची डुगडुगू नये म्हणून एक पाय जमिनीला टेकवला, आणि साहेबांकडे बघून बोलायला लागला.

"पचका माझा आहे साहेब. दोन वर्षांपूर्वीचा, पण मला कालच कळला. या खुर्चीत बसून मी एकाला माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली होती."

कुणी हसलं नाही. शिट्टीने चहाचा घोट घेतला.

"झालं. एवढंच," तो म्हणाला, आणि बसून राहिला.